सतरावी नळी

च्वो सर,

हे पत्र मी पाठवणार नाही, कारण तुम्ही यातल्याही चुका लाल पेनाने काढाल.

सहा वर्षांपूर्वी तुम्ही माझं संशोधन बंद केलंत. "प्लेटलेट जखम बुजवतात, पोरी. मूत्रपिंडाला सूज आणणं हे त्यांचं काम नाही." आपल्या थायनान शहराच्या उकाड्यात रक्त नासेल म्हणून प्रत्येक नळी फ्रीजमध्ये ठेवायचा नियमही तुमचाच. पण गारठ्याने प्लेटलेट भडकतात. मग निरोगी माणसाच्याही भडकलेल्याच दिसायच्या, आणि फरक कळायचा नाही.

यंदा मी फ्रीजला कुलूप घातलं. रक्त तपासायचं यंत्र रुसू नये म्हणून, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे, त्यावर खाऊचं नवं हिरवं पाकीट ठेवलं आणि नळ्या टेबलावरच राहू दिल्या. निरोगी लोकांच्या प्लेटलेट शांत होत्या. डायलिसिसवाल्यांच्या मात्र पांढऱ्या पेशींना चिथावून सूज वाढवत होत्या, अगदी प्रत्येक नळीत. काल एका नियतकालिकाने आमचा शोधनिबंध छापायला घेतला. मी प्रयोगशाळेत नाचले, सर.

सतराव्या नळीतलं रक्त मीच काढलं होतं. डायलिसिसच्या खुर्चीत बसून तुम्ही बाही वर केलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "फ्रीजमध्ये ठेवू नकोस."

नाही ठेवली, सर.

तुमची विद्यार्थिनी,
वेन-छी