डाव्या दाराचा वायसर

बंगबू, कारखाना वसाहत
४ एप्रिल १९९६

चि. लानशिनस,
बाबांचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं तेव्हा आई गॅलरीत मोहरीचा पाला वाळत घालत होती. ओल्या हातांनीच तिने ते वाचलं, त्यामुळे दुसऱ्या पानावरची शाई माझ्यापर्यंत पोहोचलीच नाही. पण परदेशी कंपनीची माणसं भागीदारीच्या बोलण्यांसाठी हफेईला आली आहेत आणि आपल्या कारखान्याच्या बाजूने दुभाषी तू आहेस, एवढं कळलं. आई पाणीघरात गरम पाण्याचा थर्मास भरायला जाते ती हल्ली तासाभराने परतते. सगळ्या वसाहतीला सांगून झालं असावं.

आपली जुनी ड्रॉइंग्ज त्यांना दाखवणार म्हणे. त्यात ११४ नंबरचं दाराचं असेल. त्र्याऐंशी साली तशीच गाडी इथे बनवायची म्हणून त्यांचीच एक गाडी एका व्यापार कचेरीकडून चाळीस दिवसांसाठी मागून आणली होती. ती सुटी केली, नट नि नट मोजला आणि पुन्हा जोडून परत केली. डाव्या दाराच्या बिजागरीखालचा वायसरसुद्धा मी व्हर्नियर लावून मोजला आणि कागदावर उतरवला. कागदाच्या कोपऱ्यात माझ्या नावाचा शिक्का आहे, बघ.

सहीच्या समारंभाला आम्हा जुन्या लोकांना मानाचं लाल फूल लावून बसवणार आहेत. कोट इस्त्रीला दिलाय.
माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.
तुझा बाबा


हफेई, १७ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
लानशिनचा शि. सा. नमस्कार. कामाची फार गर्दी आहे. ड्रॉइंग्ज दाखवली. त्यांना आवडली. इथे रोज काट्या-चमच्याने जेवावं लागतं आणि मी अजून अर्धं ताटातच ठेवते.

समारंभाला तुम्ही नाही आलात तरी चालेल. बसचे पाच तास, त्यात तुमचे गुडघे. फूल मी घेऊन येईन.
आईला सांगा, लोणचं संपलं.
तुमची लानशिन


बंगबू, २६ एप्रिल

चि. लानशिनस,
आशीर्वाद. तुझं मागचं पत्र एवढं गुळगुळीत होतं की ते माझ्या मुलीचं वाटेना. मग काल सुन काकू रडत घरी आल्या. जोडणीच्या पट्ट्यावर अकरा वर्षं त्या एकच काम करत होत्या, डाव्या दारात तो वायसर बसवायचं. आता त्याची गरज नाही, असं त्यांना सांगण्यात आलं.

कारण पाणीघरात कळलं. कारखान्याच्या मोठ्या साहेबांचा ड्रायव्हर रंगवून सांगत होता. क्राउझ नावाच्या इंजिनिअरने त्यांचं मूळ ड्रॉइंग आपल्या ड्रॉइंगशेजारी ठेवलं. त्यात वायसर नव्हताच. आम्ही आणलेल्या गाडीचं दार कधीतरी लोंबलं असणार आणि कुण्या मेकॅनिकने तो खाली सरकवला असणार. आम्ही गाडीबरोबर तिची दुरुस्तीही उतरवली. सगळं टेबल हसलं. हे कुणी काढलं असं क्राउझने विचारलं, तेव्हा दुभाषी मुलगी म्हणाली की शिक्क्यावरचं नाव वाचता येत नाही.

शिक्का मी स्वतः कोरलाय, पोरी. शाळेतल्या मुलालाही वाचता येईल असा.

पण तुला बोलायला मला तोंड नाही. वायसर डावीकडे आहे, उजवीकडे का नाही, हे मी तेव्हाच मला काम शिकवणाऱ्या झेंग उस्तादांना विचारलं होतं. ते म्हणाले, परदेशी लोक काय खुळे आहेत का, घातलाय तर कारण असेल, तू आपलं डोकं चालवू नकोस. मी तो तसाच कागदावर काढला. पुढे शहाऐंशीत त्याच बनावटीची दुसरी परदेशी गाडी दुरुस्तीला आली. मी दार उघडून पाहिलं. वायसर नव्हता. तोवर त्याच ड्रॉइंगसाठी माझा फोटो आदर्श कामगारांच्या फळ्यावर लागला होता. मी दार लावून टाकलं आणि ड्रॉइंग तसंच राहू दिलं.

मी समारंभाला येत नाही. कोट परत पेटीत ठेवलाय.
राग नाही. जपून राहा.
बाबा


हफेई, ३ मे

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. नमस्कार. हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे.

ड्रायव्हरने एक गोष्ट सांगितली नाही. मीही हसले. गाडीबरोबर दुरुस्तीही उतरवली हा क्राउझचा विनोद मीच आपल्या भाषेत सगळ्यांना सांगितला, नीट सांगितला, आणि सगळे हसल्यावर त्यांच्याबरोबर हसले. तुमचा शिक्का माझ्या बोटापासून वीतभर अंतरावर होता. बाबा, मला माझीच किळस आली आहे.

काल मी क्राउझकडे गेले आणि सांगितलं की नाव वाचता येतं, ते माझ्या वडिलांचं आहे. त्याचा चेहरा पडला. त्याने चष्मा काढून पुसला. गाडी मोजायला किती दिवस होते, असं विचारलं. चाळीस म्हटलं. मग तो म्हणाला, आमचीच गाडी होती ना, आम्हाला का विचारलं नाही? ते ड्रॉइंग त्याने अजून टेबलावरच ठेवलंय. ज्याने काढलं त्याला भेटायचंय म्हणतो.

या ना बाबा. सगळ्यांसमोर मी सांगेन तुम्ही माझे कोण ते. सुन काकूंबद्दल मोठ्या साहेबांशी बोलले आहे, ते बघू म्हणाले.
मला परकी करू नका.
लानशिन


बंगबू, ८ मे

चि. लानशिनस,
आशीर्वाद. अकरा तारखेला सकाळच्या बसने निघतो. लोणच्याची बरणी बरोबर आहे. आईने कोट पुन्हा इस्त्री केला आणि मला चार शब्द ऐकवले, ते इथे लिहीत नाही.

का विचारलं नाही, याचं उत्तर मी त्याला देईन. लाज वाटली, एवढंच आहे ते. तू ते तसंच सांग, त्यात साखर घालू नकोस. तो हसला तर हसू दे.

लाल फूल मला नको. मला ते ११४ नंबरचं ड्रॉइंग हवंय. आमच्या कामात कागदावर काही खोडलं की खोडणाऱ्याने शेजारी आपला शिक्का मारायचा असतो. तो वायसर दहा वर्षांपूर्वीच खोडायचा होता. शिक्का खिशात घेतलाय आणि त्यासाठी नवी लाल शाई आणलीय. तू जवळ उभी राहा आणि नाव मोठ्याने वाच.
तुझा बाबा