ताप आला नाही तर

प्रिय बारक्या,

पत्र बघून हसू नकोस. फोन करता आला असता हे मलाही कळतं, पण बाबांचा विषय निघाला की तुझ्या फोनची रेंज नेमकी जाते. कागदाला ती सोय नाही. तू मागितलेला टॉवेल आणि लोकरीचे मोजे या पिशवीत आहेत, त्याखाली हे पाकीट. मी तुमच्या केंद्राच्या तळमजल्यावर, पाणी पिण्याच्या मशीनशेजारच्या बाकावर बसून लिहिते आहे. वर पाठवण्याआधी नर्सबाई पिशवी उलटीपालटी करून बघणार, असं त्यांनी आधीच बजावलंय. बघू देत, मला अशी माणसं आवडतात.

आवडणारच ना. जळालेली दुकानं, चोरीला गेलेल्या गाड्या, जिन्यावरून पडलेली माणसं, विमा कंपनीत बसून हेच तपासण्यात माझा जन्म गेला. तुझे दाजी म्हणतात, मी आरशात बघतानासुद्धा समोरच्या बाईकडे ओळखपत्र मागेन. पण एक गोष्ट या धंद्यात मी पक्की शिकले. ज्याचं खरंच नुकसान झालेलं असतं तो गोंधळतो, तारखा चुकवतो, मध्येच रडतो नाहीतर माझ्यावर खेकसतो. ज्याची सगळी उत्तरं इस्त्री केल्यासारखी येतात, त्याच्या घरी मी दुसऱ्यांदा जाते.

तू जेव्हा सांगितलंस की नवीन लस तपासायला धडधाकट माणसांना टायफॉईडचे जंतू मुद्दाम पाजतात आणि त्यात तूही जाणार आहेस, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. ज्या तापाने बाबा गेले, तोच ताप तू हौसेने घेणार? माझ्या भावाला कोणीतरी बनवतंय, एवढंच मनात आलं. म्हणून त्या नातेवाइकांच्या बैठकीला मी आले ती ऐकायला नाही, पकडायला आले होते. तुला आठवत असेल, मी नळ पायाने चालतो का बघितलं, संडासाचं पाणी कुठे जातं विचारलं, रात्रपाळीचा डॉक्टर खरंच जागा असतो का तेही विचारलं. तू खाली मान घालून बसला होतास. भावाची लाज काढणं हा मोठ्या बहिणीचा हक्क आहे, त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

बैठक घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी सरळच विचारलं की निरोगी माणसाला जाणूनबुजून आजारी पाडणं कुठल्या डॉक्टरकीत बसतं. मला वाटलं होतं, बाई चिडतील किंवा गोडगोड बोलतील. दोन्ही नाही. म्हणाल्या, बसत नाही असं मानणारे डॉक्टर आहेत, आणि जंतूंचा पेला हातात देण्याच्या आदल्या दिवशी मला स्वतःलाही जेवण जात नाही. मग त्यांनी समजावलं. एरवी लस खरी की खोटी हे कळायला हजारो मुलांना टोचून वर्षानुवर्षं वाट बघावी लागते, आणि तोवर मुलं दगावत राहतात. इथे मोजकी मोठी माणसं, ओळखीचा जंतू, हाताशी रामबाण औषध, रोज रक्ताची तपासणी. ताप चढला की औषध लगेच सुरू. बाबांच्या वेळी कळायलाच उशीर झाला आणि आतड्याला भोक पडलं, तसं इथे होऊ देत नाहीत. अगदी काहीच होणार नाही असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. हे सगळं एकाच अटीवर चालतं, त्या म्हणाल्या, की माणूस राजीखुशीने आलेला हवा. लालूच नको म्हणून मोबदलासुद्धा बेताचा ठेवलाय. पेला उचलेपर्यंत कोणीही उठून घरी जाऊ शकतो, कोणी कारणही विचारत नाही.

खोट काढायला गेले आणि खोट सापडली नाही, याचा मला किती राग आला म्हणून सांगू. घरी येऊन मी दाजींवर काढला तो. पण अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की त्या खोलीत मी एकाच माणसाकडे नीट बघितलं नव्हतं, आणि तो तू होतास. तुझ्या शेजारचा तो चष्मेवाला विद्यार्थी आठव. केस गळतात का, आत मॅच बघायला मिळते का, आईला कळवलंच पाहिजे का, नुसता भंडावत होता बिचारा. तो खरा. तू एकही प्रश्न विचारला नाहीस. धोके काय, लक्षणं काय, कधी बाहेर पडता येतं, सगळं एका दमात म्हणून दाखवलंस आणि डॉक्टरीणबाईंनी समाधानाने मान हलवली. मी अशा उत्तरांना पैसे देत नाही रे.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी तुझ्या कॅन्टीनमध्ये गेले. बैठकीत एक नियम सांगितला होता, जो दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करतो त्याला घेत नाहीत, कारण ताप गेल्यावरही जंतू काही दिवस पोटात रेंगाळू शकतात. मी समजत होते की तू लांबची रजा टाकून त्यातून वाट काढलीस. तुमचे मोठे आचारी म्हणाले की रजा कसली, त्याने नोकरीच सोडली. भांडण नाही, तंटा नाही. तुझे चाकू, ज्यांना तू मलाही हात लावू द्यायचा नाहीस, ते तू भाजी चिरणाऱ्या मुलीला देऊन टाकलेस. परत यायचं असतं तो आचारी चाकू वाटत नाही. त्यांनी आणखीही सांगितलं. बाबा गेल्यापासून तू कातडी सोलवटेपर्यंत हात धूत होतास, चव दुसऱ्याला बघायला लावत होतास, आणि वाढलेल्या ताटाला हात लागला तर ते फेकून देत होतास. ते ऐकताना मला आमच्या घरातला तू दिसलास. माझ्या लेकीने सफरचंद कापून मागितलं तर तू सुरी तिच्याकडेच सरकवतोस. मामा आळशी झाला म्हणून ती चिडवते आणि तू हसतोस.

एवढं होऊनही मला उमगलं नव्हतं. उमगलं ते गेल्या आठवड्यातल्या तुझ्या फोनमुळे. बोलता बोलता तू विचारलंस की ताई, मला ताप आलाच नाही तर? आणि तुझा आवाज कापला. जगातला प्रत्येक माणूस ताप येईल म्हणून घाबरतो. तुला तो न येण्याची धास्ती कशाची?

आता मी सांगते, चुकले तर चुकले म्हण. आई गेल्यावर बाबा एकटे राहत होते आणि रोज दुपारी तू कॅन्टीनमधून त्यांना डबा नेत होतास. माझ्या हातचं त्यांना रुचायचं नाही, तुझं सूप मात्र ते वाटी पुसून खायचे. मग त्यांना ताप आला. तो कुठून आला हे कोणालाच कळलं नाही. तू कुठेतरी वाचलंस की काही माणसं स्वतः आजारी पडत नाहीत आणि जंतू बाळगत हिंडतात, आणि त्यातही स्वयंपाकी जास्त घातक. तेव्हापासून तुझ्या डोक्यात बसलंय की बाबांना तू मारलंस. पेला पिऊन ताप आला नाही तर तू तसलाच एक ठरणार आणि खून तुझ्यावर शाबीत, आणि आला तर बाबांनी भोगलं ते तूही भोगलंस. दोन्हीकडून तूच हरणार असा डाव तूच मांडलास, आणि त्याला लोकसेवेचं नाव दिलंस. मला राग येतो तुझा, बारक्या. आणि इतकं वाईट वाटतं की हे लिहिताना समोरचं नीट दिसत नाहीये.

आज सकाळी मी डॉक्टरीणबाईंना पुन्हा भेटले. तुझं नाव काढलं नाही, चौकस बाईचे आणखी दोन प्रश्न म्हणून विचारले. त्या म्हणाल्या की लस टोचलेली असो वा नसो, पेला पिऊनही बऱ्याच जणांना ताप येत नाही, आणि त्यावरून त्यांच्या जुन्या आयुष्याबद्दल काहीच सांगता येत नाही. म्हणजे ज्या प्रश्नासाठी तू तो पेला उचलणार आहेस, त्याचं उत्तर त्या पेल्यात नाही. दुसरं असं, की ज्याला पूर्वी हा ताप झाल्याची खूण रक्तात सापडते किंवा जो जंतू बाळगून आहे, त्याला ते मुळात घेतच नाहीत. सुरुवातीला तुझं रक्त आणि शौच तपासलं ते त्यासाठीच. तुला आत घेतलं, याचाच अर्थ तुझ्यात काही मिळालं नाही. शंभर टक्के लिहून द्याल का, असं मी सवयीने विचारलं. त्या नाही म्हणाल्या. मीही कधी कोणाला लिहून दिलेलं नाही. पण एवढ्या पुराव्यावर मी कोणालाही दोषी धरलं नसतं, आणि मी किती चिवट आहे हे तू जाणतोस.

हे सगळं डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं असतं तर तासाभरात तू पिशवी घेऊन या बाकाशी उभा असतास. त्यांच्या दारापर्यंत गेले होते, कडीला हातही लावला. मग परत फिरले, कारण मी तुला इथून काढलं तर तू स्वतःसाठी दुसरी शिक्षा शोधशील आणि त्या वेळी मला पत्ताही लागू देणार नाहीस. तेव्हा ते तुलाच करायचं आहे. उद्या सकाळी पेला देण्याआधी त्या शेवटचं विचारतील, की तू राजीखुशीने घेतोयस ना. त्यांच्या प्रश्नांत एक प्रश्न नाही, तो मी विचारते. बाबा आज घरात पेपर वाचत बसलेले असते, तरी तू इथे आला असतास का? आला असतास तर खुशाल पी, मी रोज खाली येऊन बसेन आणि तुझा मला अभिमान वाटेल. नसतास आला, तर ते मला सांगू नकोस. त्यांना सांग.

तुझीच,
ताई