अकरा एकांची संख्या

दुमागेते,
१४ सप्टेंबर १९६८

प्रिय फेलिसा,

सिकिहोरला तुम्ही सगळी खुशाल असाल. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? इकडे शाळेला पत्र्याचं छप्पर मिळालं. पाऊस आला की मला बोलणं सोडून फळ्यावरच लिहावं लागतं.

पण आता राहवत नाही. सापडला गं! अकरा वेळा एक लिहून होणाऱ्या त्या संख्येला भाग जातो! २१६४९ ने! बाकी शून्य! मंगळवारी मधल्या सुट्टीत. मी अशी किंचाळले की सातवीच्या मुलींना वाटलं, मिसला विंचू चावला. गुणून बघ: २१६४९ गुणिले ५१३२३९. येतात की नाही अकराच्या अकरा एक?

वाट तुझीच होती. पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१; दोन्हींना पाचाच्या दुपटीने, दहाने भागलं की बाकी एक. सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. चौदाने भागलं की बाकी एक. "मग अकरा एकांसाठी बाविसाने बाकी एक उरते त्याच संख्या बघायच्या. बाकीच्यांवर कशाला हात दुखवायचे?" धक्क्यावर भाजलेलं कणीस खाता खाता तू म्हणाली होतीस. सतरा वर्षांच्या होतो आपण. तरी दोनशेंवर भागाकार करावे लागले मला!

इथवर लिहून दोनदा उठले.

मनिलाच्या शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला मी तुझ्याआधी आत गेले. स्वतःचं काही सांग म्हणाले, आणि मी तुझी युक्ती सांगितली. 'मैत्रिणीने शोधली' हे शब्द ओठांवर होते. बोलले नाही. बाहेर आल्यावर तुला सावधही केलं नाही. तूही आत तेच सांगितलंस, आणि माझी नक्कल समजून ते हसले. जागा एकच होती, ती मला मिळाली. तू कुणाकडे चकार शब्द काढला नाहीस; फक्त माझ्याशी बोलणं सोडलंस.

बुधवारी आपल्या कोन्सोलासियोन बाईंना गणित दाखवलं. "शाब्बास, पोरी! तुझी ती युक्ती कामाला आली तर!"

"बाई, ती फेलिसाची." मग सगळं सांगितलं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मुलाखत घेणाऱ्यांचं ऐकून चौदा वर्षं मी त्या पोरीला नक्कल करणारी समजले. आणि तू दर नाताळला माझ्याकडे बसून बिबिंका खात होतीस?"

शिक्षकांच्या मासिकाला टिपण पाठवलंय. वर नाव तुझं. खाली 'भागाकार केले' म्हणून माझं. गेलेली वर्षं त्याने परत येणार नाहीत, कळतं मला.

रविवारच्या बोटीने बाई तुझ्याकडे येताहेत, एकट्या. "तिने बोलावल्याशिवाय तू तिच्या दारात पाऊल ठेवायचं नाहीस," म्हणाल्या. मी धक्क्यापर्यंत त्यांची पिशवी पोचवीन, बस्स.

फेलिसा, आता सतरा एक घेतलेत. चौतिसाने बाकी एक. फार मोठं प्रकरण आहे गं, एकटीच्या आवाक्यातलं नाही.

तुझं नाव घ्यायला जिला चौदा वर्षं लागली, ती
रेमेदियोस