सुवर्णकक्षातली झाडलोट

वाई, शनिवार

सुभेदार लालासाहेब मामा यांच्या पायांवर भाचा साईराज याचं डोकं. (टेकलं असं समजा. मधी सातारा, कोरेगाव, पुसेगाव एवढा मुलूख हाय, न्हाईतर खरंच टेकलं असतं.)

तुमचा गुडघा काय म्हणतोय? मामीचा एरंडाच्या पानाचा शेक चालू हाय का तुमी पुन्हा पहाटं शिट्टी फुंकून गल्लीतल्या पोरांस्नी पळवायला लागला? म्हैस गाभण राहिली का? आई तुमच्याकडं वडूजला आली असंल तर तिला सांगा की मी दोन वेळ जेवतोय आन कापडं इस्तरीची घालतोय. हे सगळं फोनवर विचारलं असतं, पन तुमी फोन कानाला लावला की आपलं सांगून ‘ओव्हर’ म्हणता आन बंद करता. शिवाय कामगिरीवर गेलेल्या माणसानं लेखी रिपोर्ट द्यायचा हा तुमचा पलटणीपासनंचा दंडक. तवा हा रिपोर्ट. नववीत शाळा सुटल्यापासनं एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिवतोय. वेलांट्या तुमच्या सोयीनं ऱ्हस्व-दीर्घ करून घ्या.

कामगिरी तुमीच दिलेली. फलटणचे तुमचे पलटणीतले जोडीदार, त्यांची पोरगी रेश्मा. वडिलांचं म्हणणं, पोरगी हो म्हणंल तर माझंबी हो. आन पोरीचं म्हणणं असं की कांदेपोह्याला येणारं पोरगं तासाभरासाठी कसंबी गुणी व्हतंय. तवा पोरानं वाईला माझ्या काकांच्या हॉटेलात दोन दिवस पाहुणा म्हणून राहावं, मी काउंटरला असतेच, बघते. मामा, आपल्यात पोरगी बघायला जात्यात. हितं मला बघायला ठेवला, बाजारातला खोंड दावणीला बांधून त्याचं चालणं-खाणं बघत्यात तसा. पन मी मदुराईहून, शेठच्या गलाईच्या दुकानातनं निघून, गाडीत बसतानाच ठरवलं व्हतं, की बघा म्हणावं, हितं झाकायसारखं काय न्हाई. तुमी दोन आदेश दिले व्हते, शिस्तीत राहा आन कमी बोल. पैल्या आदेशाचं काय झालं ते खाली येतंच. दुसऱ्याचं काय झालं ते तुमी मला वळखता.

हॉटेल म्हणजे काळ्या दगडाची जुनी दुमजली इमारत, घाटाच्या मागल्या आळीत. खोल्या मोजक्याच. जयराजकाकांनी (रेश्माचे चुलते. केसांचा बुचडा मागं रबरानं बांधत्यात, पन माणूस भला) ती घेऊन नटवली. नटवली म्हणजे काय तर आपल्या आईनं परसात फेकून दिलेली सुंभाची बाज पुण्याच्या लोकांस्नी झोपायला दिली, आन ते सकाळी पाठ चोळत तिचे फोटो काढत्यात. जात्यावर काच ठेवून टेबल केलंय. रांजणात छत्र्या ठेवल्यात. कंदिलात बल्ब हाय, तोबी इतका मिणमिणता की मला माझीच चप्पल सापडंना. न्याहारीला भाकरी-ठेचा दिला, पन भाकरी चतकोर चतकोर कापून वर कोथिंबिरीची एक काडी उभी केलेली. दारात तांब्याचं मोठं घंगाळ, पाण्यानं भरलेलं, वर झेंडूच्या पाकळ्या. आपल्यात दारात पाणी ठेवलं म्हणजे पाहुण्यानं पाय धुवायचे. मी धुतले. (हे रिपोर्टमधनं गाळता आलं असतं, पन खरं लिवायचं म्हणता म्हणून लिवलं.) रेश्मा काउंटरवरनं बघत व्हती. तिनं नुसता पंचा पुढं केला. मला तवाच वाटलं, ही नको म्हणायची न्हाई.

मला जी खोली दिली तिचं नाव सुवर्णकक्ष. दाराशी पितळेची पाटी. तिच्यावर लिवलेलं, की ही वास्तू एका नामांकित सराफाने बांधली असून याच खोलीत त्याच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या सोने घडवले. मामा, हे वाचलं आन माझ्या पायाला मुंग्या आल्या. का ते तुमाला कळलं, पन मामीला वाचून दाखवताना जरा इस्कटून सांगा. आमचं गलाईचं काम म्हणजे सोनं आटवायचं काम. विट्याकडची निम्मी पोरं त्याच धंद्यात देशभर पांगल्यात. सोनार घडवायला बसला की सोन्याचा कीस उडतो. तो चटईत जातो, फरशीच्या भेगंत जातो, मोरीत जातो, कारागिराच्या लुंगीत बी जातो. म्हणून आमी सोनाराच्या दुकानाची झाडलोट इकत घेतो, जाळतो, कुटतो आन पाण्यात हलवून हलवून धुतो. माती हलकी, ती वाहून जाती. सोनं जड, ते तळाला बसतं. सोनाराचा उंबरा आमी चपलेनं ओलांडत न्हाई, लक्ष्मी तळव्याला चिकटून बाहेर जाती म्हणून. आता पिढ्यान्‌पिढ्या सोनं घडवलेली जमीन, आन जिच्यावर कुणी गलाईवाला कवा वाकलेला न्हाई, अशा जमिनीवर बाज टाकून जो माणूस स्वस्थ पडंल तो वाटसरू म्हणायचा, गलाईवाला न्हवं.

सकाळी झाडायला बयाबाई आल्या. मी दारात आडवा.

“व्हा बाजूला, झाडायचंय.”

“झाडलोट कुटं टाकता?”

“उकिरड्यावर. तुमाला काय करायचीय?”

“मला द्या की.”

बयाबाईंनी केरसुणी काखंत मारली आन माझ्याकडं खालनं वर बघितलं. “आवं पाव्हणं, तुमी पोरगी बघाया आलाय का माझी नोकरी?” म्हणाल्या. मी त्यांना लक्ष्मीचं समजावून सांगायला लागलो (तुमचा दुसरा आदेश), तर त्या तरातरा खाली गेल्या आन सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, ताई, वरचा पाव्हणा केर मागतोय, बघा बाई, घराण्याची चौकशी नीट केलीय ना. घराण्याची हमी तुमी दिलेली, तवा हा टोमणा तुमाला हाय, मला न्हवं.

मग मी दार लावून शिस्तीत कामाला लागलो. दाताचा ब्रश घेतला, पेपर अंथरला आन कोपऱ्यापासनं सुरुवात केली. सगळ्या भेगा काढल्या. उंबऱ्याच्या पोटातली माती काढली. न्हाणीच्या मोरीत खांद्यापर्यंत हात घातला. खिडकीखालची एक फरशी हलत व्हती, ती चमच्यानं उचकटली. (फरशी मोडली न्हाई. चमचा वाकला.) सगळी माती उशीच्या अभ्र्यात भरली. एवढं बैजवार काम मी शेठच्या दुकानात बी कवा केलं न्हाई. आता धुवायला भांडं पायजे. घरात पसरट भांडं एकच, दारातलं घंगाळ. पाकळ्या बादलीत काढून ठेवल्या, एकबी वाया घालवली न्हाई, आन घंगाळ मागल्या अंगणात नेलं.

तितं बसून माती हलवतोय तर पुण्याचं एक जोडपं आलं, निमिष आन ऋचा. लग्नाच्या वाढदिवसाला आलेले, रात्री शेजारच्या खोलीत उतरलेले, आन मी निघालो की दुपारपासनं सुवर्णकक्ष त्यांनाच मिळणार व्हता. त्यांना वाटलं हाबी हॉटेलातलाच एक कार्यक्रम हाय. ऋचाताईंनी विचारलं, “आमचा नंबर किती वाजता?” मी म्हणलं, बसा, आत्ताच. त्यांनी बाह्या वर केल्या आन मी त्यांना मनगट कसं फिरवायचं ते शिकवलं. मामा, पोरगी शिकली तर उत्तम गलाईवाली व्हईल. निमिषराव मातूर सगळं पाणी स्वतःच्या बुटात वतत व्हते.

एवढ्यात रेश्मा आली. बयाबाई तिच्या मागं, साक्षीदार म्हणून.

“काय चाललंय?” रेश्मानं विचारलं.

“सोनं काढतोय.”

“कुणाचं?”

मामा, एवढा साधा प्रश्न, पन मला तो तवर पडलाच नव्हता. आमी झाडलोट आधी इकत घेतो, मग हात लावतो. हितं मी कुणाला इचारलंच न्हाई. मी म्हणलं, निघालं तर तुमचंच. मी फक्त काढून देणार. तिनं पदर खोचला, माझ्यासमोर उकिडवी बसली आन म्हणाली, “मग हलवा. मलाबी बघायचंय.” बयाबाईंनी कपाळाला हात लावला.

हालवता हालवता पाण्यात पिवळं चमकलं. ऋचाताई टाळ्या वाजवायला लागल्या. जयराजकाका धावत आले आन बघताच असे फुलले की काय सांगू. माझ्या खांद्यावर हात टाकून सगळ्या पाहुण्यांस्नी गोळा केलं. ही आमच्या वास्तूची पुण्याई, आन हे आमचे होणारे जावई, खास मदुराईहून आलेले सुवर्णतज्ज्ञ. हे शब्द त्यांचे, मामा, माझे न्हाईत. जावई म्हणाले, चारचौघांत म्हणाले, नोंद घ्यावी.

पन मी बघतोय तर ते पिवळं तरंगत व्हतं. सोनं कवा तरंगत न्हाई. ती खांबांना मारलेल्या सोनेरी रंगाची पापुद्री व्हती. मी तळ चाचपला. तळाला जड काय बसलं व्हतं तर बैलाच्या पायाला मारायच्या पत्रीचे खिळे, एक जाडजूड वाकडी सुई, सलाईनची लावत्यात तसली पन बोटाएवढी, आन निळ्या औषधाच्या बाटलीचं काचेचं बूच. मी ते तळहातावर घेतलं आन काकांना मोठ्यानं इचारलं, कारण धंद्याचा प्रश्न धंद्यासारखाच इचारावा लागतो, “काका, हितं सोनार कवा बसलाच न्हाई. हितं जनावरांचा दवाखाना व्हता का?”

काका आभाळाकडं बघायला लागले. निमिषराव म्हणाले, बोर्डवर तर लिहिलंय. तवा रेश्माच बोलली. बांधलं सराफानंच, ते खरं. पण तो राहिला कधी नाही. मग बरीच वर्षं सरकारी दवाखाना होता, गुरांचा. कारागिरांचं मी लिहिलं, पाटी रिकामी दिसत होती म्हणून. ऋचाताईंनी विचारलं, मग आमच्या खोलीत नेमकं काय होतं? ह्याला कुणी उत्तर द्यायची गरज नव्हती, पन बयाबाई म्हणाल्या, “त्या खोलीत व्हय? तितं खोंडं आडवी पाडून खच्ची करायचे.”

लग्नाच्या वाढदिवसाला आलेले निमिषराव तेवढ्यात बॅग भरायला वर गेले. ऋचाताईंनी मातूर हसून हसून खांब धरला व्हता.

तर एकूण कामगिरी उत्तम पार पडली असं समजावं. माझी पद्धत बरोबर व्हती, माती चुकीची निघाली, एवढाच काय तो फरक. फरशी मी जिथल्या तिथं बसवली. घंगाळ चिंचेनं घासून दारात ठेवलं, आता ते पैल्यापरास जास्त चमकतंय. पाकळ्या परत सोडल्या. काकांनी जाताना मला स्वतः दारापर्यंत सोडलं, माझी बॅग बी त्यांनीच उचलली. अशी माणसं हल्ली मिळत न्हाईत. आईला सांगा, मुलीकडची मंडळी मोकळ्या मनाची हायत, काळजी करू नको.

मामीला नमस्कार. गुडघ्याला शिट्टीपासनं जपा.

तुमचा
साईराज

ता. क. काकांनी बॅग उचलली हे खरं, पन उचलून रस्त्यावर ठेवली. हे पत्र मी वाईच्या एसटी स्टँडवर बसून लिवतोय. निमिषराव गेले, आन जाताना मोबाईलवर हॉटेलाबद्दल खोंडांसकट सगळं लिवून गेले म्हणं. काका म्हणाले, आजच फलटणला भावाला फोन करून सांगतो की ही सोयरीक नको. मामा, तुमी तुमच्या जोडीदाराला आधी फोन लावा. ‘ओव्हर’ म्हणू नका, पोरगा वाईट न्हाई एवढं सांगून व्हईस्तोवर फोन धरून ठेवा. त्याच्यासाठीच हे सगळं लिवलं. मला ही पोरगी पायजे. ती समोर उकिडवी बसली तवापासनं पायजे. हे पत्र वडूजच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतोय, टपालानं फोनाच्या आधी पोचायचं न्हाई.

आणखी ता. क. गाडी अजून लागली न्हाई. रेश्मा हितं आलीय. मी खुशाल हाय का इचारायला आली असंल असं वाटलं, तर म्हणाली, कुणाला एवढं लिहिताय, दाखवा. मी म्हणलं, खाजगी हाय. तिनं घेतलं. आता वाचतीय. हसतीय का चिडलीय ते बाजूनं कळंना. पेन मागतीय.

लालासाहेब मामा, सा. नमस्कार. मी रेश्मा. इथून पुढचं मी लिहिते आहे. काकांचा बाबांना फोन झाला. त्यानंतर माझाही झाला, आणि माझा जास्त वेळ चालला, त्यामुळे तुम्ही फोन करायची गरज नाही. काकांची समजूत मी काढते, पाटीवरचं लिहिणं माझं होतं, यांचं नव्हतं. दोन दिवसांत तुमच्या भाच्यानं माझ्यापुढं एकदाही शहाणपण मिरवलं नाही, असं स्थळ मला आजवर सांगून आलेलं नाही. बोलतात मात्र फार. मदुराईला मला काय काम करता येईल असं विचारलं तर वीस वाक्यांत फक्त सोनं शुद्ध करायच्या ॲसिडचे प्रकार सांगितले, तेव्हा ते तुम्हीच जरा नीट विचारून ठेवा. पुढच्या रविवारी शालूआत्यांना म्हणजे यांच्या आईंना आणि मामींना घेऊन या. वाईला येऊ नका, हॉटेलात तर मुळीच उतरू नका. सरळ फलटणला घरी या, जेवायलाच.