उतारावर आई गप्प राहिली

चि. मित्सुए हिस दादाचे आशीर्वाद. पायांची सूज उतरली का? जावईबापू तुला छपरावरचा बर्फ उपसायला लावत नाहीत ना? (लावत असतील तर कळव, बघतो त्यांच्याकडे.) इकडे सगळे ठीक, म्हणजे जिवंत आहोत.

तुझ्या पहिल्या बाळंतपणाला आई अजून का पोचली नाही, ते सांगतो. परवा आम्ही निघालो होतो. बर्फात पाय रुतू नयेत म्हणून पायांत कांजिकीच्या वेताच्या चकत्या बांधून मी पुढे बर्फ तुडवत, आई मागे माझ्या पावलांत पाऊल टाकत. तिच्या पाठीवर कालवणाच्या मिसोची बरणी आणि बाळाच्या लंगोटांचं गाठोडं (मी घेतो म्हटलं तर म्हणाली, "तू सांडशील"). खिंडीखालच्या उतारापर्यंत तिच्या तोंडाला खळ नव्हता. पुढे आपला रिवाज तुला माहीतच आहे. वरचा बर्फ कधी सुटेल सांगता येत नाही, म्हणून अवाक्षर काढायचं नाही आणि थांबायचं नाही.

मी पार झालो. मागे इतकी शांतता, की मला आईचं कौतुक वाटलं. वळून बघतो तर आई उतारावर मधोमध, कमरेपर्यंत रुतलेली. एका कांजिकीचा बंद तुटला होता, आणि रिवाज पाळून बाई गप्प. जन्मात पहिल्यांदा, तेही नको तेव्हा.

मी परत फिरलो. वरून बर्फाचे गोळे घरंगळायला लागले होते. मित्सुए, खरं सांगतो, माझी पाचावर धारण बसली. हातांनी उकरून तिचा पाय मोकळा केला, माझा कमरपट्टा सोडून कांजिकी बांधली (विजार कशी सावरली ते विचारू नकोस). आई डोळ्यांनी मला शिव्या घालत होती. तेवढ्यात वर धप्प झालं. गाठोडं तिथंच टाकून, तिचा हात धरून, आलो त्या बाजूच्या झाडीकडे फेंगडे पळालो. बर्फ आमच्या पाठीमागून गेला, सगळी वाट घेऊन. झाडीत आईने तोंड उघडलं ते थेट घरापर्यंत. "पोरगी पहिलटकरीण, आणि तू तिच्या बाळाचे लंगोट घालवलेस!"

तुझा दादा,
योशिझो

ता. क. एक काम कर. सासूबाई जवळ आहेत, आईची गरज नाही, असं उलट टपाली लिही. खोटं असलं तरी चालेल. तिला काही झालं तर मला सोसायचं नाही.

ता. क. दुसरा. आईने पत्र वाचून दाखवायला लावलं. म्हणाली, "तिची सासू कधीच वारली. मग तिच्याजवळ आहे कोण?" थंडीने बर्फ आवळलाय, उद्या वाट चालेल, असं टपालवाला सोसाकू म्हणतो. हे पत्र त्याच्या थैलीत असेल, त्याच्या मागे आई. या खेपेला मी आईच्या मागून चालणार आहे.