डब्यावरचा ‘गोड’

धाकटे मालक यांस,

नव्या विलायती मिश्रणाचा पाइप ओढून मी चवीच्या चिठ्ठीवर ‘गोड’ लिहिलं, ती शिवी होती. विलायती तंबाखूला धुरावर वाळवलेल्या पानाचा कडक वास हवा. तुम्ही त्यात व्हॅनिलाचा अर्क ओतलात. माझा ‘गोड’ वाचला की थोरले मालक अख्खा लॉट फेकून द्यायचे. तुम्ही मात्र तोच शब्द माझ्या सहीसकट डब्यावर छापलात!

सून म्हणते, “मामंजी, गोड बोला आणि नोकरी टिकवा.” शाळा चौथीपर्यंतच झाली, पण जीभ माझी आहे. सही काढा.

हे पत्र पाठवत नाही. यातलाही एखादा शब्द उचलून छापाल. उद्या तोंडावरच सांगतो.

तुमचा नव्हे, तंबाखूचा,
चव पाहणारा म्हातारा