कुंडीत लावलेली छत्री

तीर्थस्वरूप दादा यांस,

साष्टांग नमस्कार. (माझ्या गुडघ्यांची सध्याची स्थिती पाहता हा नमस्कार कागदावरच ठीक आहे. प्रत्यक्षात घातला तर उठवायला दोन माणसं लागतील.) तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुमची बहीण तर उत्तमच आहे आणि मीही यापुढे तसाच राहावं, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

फोन का केला नाही, असं तुमच्या मनात येईल. आमच्या घराच्या भिंती तुम्हाला ठाऊक आहेत. इकडे दिवाणखान्यात शिंकलो की तिकडे स्वयंपाकघरातून ‘गरम पाणी घ्या’ असं उत्तर येतं. मोबाइलवर लिहावं, तर माझा चष्मा सापडेपर्यंत माझे निरोप हीच मला वाचून दाखवते. म्हणून पत्र. कागद पाठकोरा आहे, मागच्या बाजूला आमच्या हरित समितीच्या सभेचं इतिवृत्त आहे, तिकडे लक्ष देऊ नये. पाकीटही जुन्या वीजबिलाचंच, उलटं करून पिठाच्या खळीने चिकटवलेलं. बाजारातला डिंक आमच्या समितीला मान्य नाही.

हो, समिती. निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी करावं, असं तुम्हीच म्हणाला होता, त्यामुळे थोडा दोष तुमच्याकडेही येतो. आयुष्यभर मी प्लॅस्टिकच्या पिशव्या बनवणाऱ्या कारखान्यात मालाची तपासणी केली. पिशवी फाटत नाही ना, हे ओढून ओढून पाहिलं. त्या अजूनही कुठे ना कुठे न फाटता पडलेल्या असणार, हा विचार घरी बसल्यावर डोक्यात शिरला आणि झोप उडाली. त्यातच इमारतीच्या हरित समितीला अध्यक्ष हवा होता. सभेला मी आणि दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, असे दोघंच हजर होतो. डॉक्टरांचं तोंड पानाने भरलेलं असावं तसं बंद होतं (दाढ त्यांचीच दुखत होती), म्हणून मी एकमताने निवडून आलो.

मग जे काही केलं ते थोडक्यात सांगतो. ओला कचरा वेगळा केला. कागद वेगळा केला. आठवड्यातून एक दिवस लिफ्ट बंद ठेवली, त्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या बाई कपाट घेऊन आल्या आणि तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. स्वयंपाकघरात गांडुळांची पेटी आणली. गांडुळांना आमचं घर आवडलं, पण पेटी आवडली नाही. तुमच्या बहिणीने ती एकेक करून कागदावर उचलून परत ठेवली. प्रवेशद्वाराशी एक फळा लावला, त्यावर कुणाच्या घरात किती पाणी वापरलं जातं ते लिहिलं जातं. कल्पना माझीच. गेल्या महिन्यापासून त्या फळ्यावर सर्वांत जास्त पाणी अध्यक्षांच्याच नावावर आहे, ते का, हे मला अजून उमगलेलं नाही. त्याबद्दल शेवटी विचारतो.

आता मुद्द्यावर येतो. खरं सांगायचं तर मुद्द्यावर यायला नको म्हणूनच गांडुळांत शिरलो होतो.

समितीने फांद्यांचा भुगा करणारं यंत्र आणलं. त्याचं प्रात्यक्षिक रविवारी सकाळी खाली अंगणात ठरलं. अध्यक्ष म्हणून मी भाषण केलं, निसर्गाकडून घेतलेलं निसर्गाला परत दिलं पाहिजे, वगैरे. लोक बऱ्यापैकी जमले होते. भाषण संपलं, यंत्र घरघरू लागलं आणि लक्षात आलं की त्यात घालायला एकही वाळकी फांदी कुणी आणलेली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. तुमची बहीण तेव्हा लेकीकडे गेली होती. (ती घरी असती तर हे पत्र लिहिण्याची वेळच आली नसती.) मी म्हटलं, थांबा, आणि वर धावलो. गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत एक काळपट, खडखडीत, एक पान नसलेलं लाकूड कित्येक आठवडे उभं होतं. ते मुळासकट उपटलं, खाली आणलं आणि यंत्रात घातलं. टाळ्या पडल्या. भुगा खतात मिसळून समितीने घरोघरी वाटला, प्रत्येकाला एक पुडी. तो आता इमारतीतल्या सगळ्या कुंड्यांत आहे. परत गोळा करायची सोय नाही.

संध्याकाळी हिचा लेकीकडून फोन आला. जेवलात का, गॅस बंद केला का, हे झाल्यावर म्हणाली, “अंजिराला पाणी बेतानं घाला हं, झोपलंय ते. थंडीत पानं टाकतं, घाबरू नका.”

मी ‘बरं’ म्हणालो. दादा, आयुष्यात इतकं लहान आणि इतकं खोटं मी कधी बोललो नव्हतो.

ते अंजीर कुठलं, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या वडिलांचं घर विकलं, नव्या मालकाने गाडी लावायला झाड तोडलं, त्याआधी तुम्ही दोघा भावंडांनी त्याची एकेक फांदी आणली. वडील शेवटची काही वर्षं त्याच झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे, हेही मला माहीत होतं. माहीत असून मी ते झाड कधी नीट पाहिलं नाही. गेल्या वर्षी त्याला दोनच फळं आली. हिने त्यातलं एक चिरून अर्धं मला आणून दिलं. मी पर्यावरणावरचा लेख वाचत होतो, तो वाचता वाचता खाल्लं. कसं आहे, असं तिने विचारल्यावर ‘हं’ म्हणालो. ती फोड मला आता रोज आठवते आणि चव काही केल्या आठवत नाही. साऱ्या शहराला झाडं लावा म्हणून सांगत फिरलो आणि घरातलं एकुलतं एक झाड माझ्या हाताने गेलं. फार वाईट वाटतं, दादा. जेवण जात नाही.

पुढे जे केलं ते त्याहून वाईट. आपली जुनी छत्री होती ना, लाकडी दांड्याची? तिचा दांडा काढला, मूठ कापली, चाकूने खरवडला, चहाच्या पाण्यात रंगवला आणि कुंडीत रोवला. (वस्तूचा पुनर्वापर. समितीचं धोरणच आहे.) ही परत आली, सरळ गॅलरीत गेली, बराच वेळ उभी राहिली आणि मग तिने छत्रीला पाणी घातलं. तेव्हापासून रोज सकाळी घालते. मीही भीतीपोटी शेजारी जाऊन उभा राहतो. परवा म्हणाली, यंदा पालवीला उशीर होतोय. मी म्हटलं, हवामान बदललंय. रोज ठरवतो, आज सांगायचं. रोज तिच्या हातातला तांब्या बघतो आणि हवेतल्या दमटपणाबद्दल बोलतो.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
बहिणीचा नवरा (तूर्त तरी)

ता.क. तुमच्या अंगणातल्या अंजिराची एक फांदी पाठवावी. साधारण छत्रीच्या उंचीची, रंग चहासारखा. पालवी फुटायच्या आत मिळाली, तर रात्रीतून अदलाबदल करीन आणि तिला काही कळणार नाही.

ता.क. दुसरा. पाण्याचं राहिलंच. तुमचं सारं आयुष्य पाणीपुरवठ्यात गेलं म्हणून विचारतो. ही लेकीकडून आल्यापासून दुपारी न्हाणीघरातला नळ कितीतरी वेळ वाहत राहतो. दारावर टकटक करून मी ‘पाणी, पाणी’ म्हणतो, तर आतून ‘नळ घट्ट झालाय, बंद होत नाही’ असं उत्तर येतं. वॉशर दोनदा बदलला. फळ्यावर माझी शोभा चालली आहे. काय करावं ते कळवा. पत्र टाकायला हिच्याच हाती देतो आहे, ती बाजारात निघाली आहे.

ता.क. तिसरा, माझा. दादा, यांची खळ जिन्यातच सुटली. वाचायला नको होतं, वाचलं. छत्रीचा दांडा मला पहिल्याच दिवशी कळला. त्यावरचं दुकानाचं नाव यांनी अर्धंच खरवडलंय. तरी रोज पाणी घालते, कारण हे शेजारी येऊन उभे राहतात आणि वाटतं, आज सांगतील. तू फांदी पाठव, पण रात्रीतून बदलायला नाही. तिच्या हातात द्या आणि तोंडाने सांगा, असं यांना लिही. मी वाचलंय हे मात्र कळवू नकोस. पाकीट डिंकाने चिकटवलंय. आणि नळाला काही झालेलं नाही. या घरात शिंकलेलं ऐकू येतं, तसं रडलेलंही ऐकू येतं, म्हणून सोडते.